अनादि की निर्मित? : येशूच्या देवत्वाविषयीचा प्राचीन ख्रिस्ती वाद

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गोंड राजांच्या या जुन्या राजधानीत १८७० नंतरच्या काही वर्षांत नीलकंठशास्त्री गोरे हे ख्रिस्ती धर्मोपदेशक काम करून गेले. त्या काळी आगगाडी चांद्यापर्यंत आलेली नव्हती. वैनगंगेपलीकडचा अरण्यप्रदेश चांदा जिल्ह्यातच मोडत असे. त्याचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने येथे जे मिशन उघडले, त्याच्या आरंभकाळाशी गोऱ्यांचे नाव निगडित आहे. गोरे हे कोकणस्थ ब्राह्मण. जन्म १८२५ मध्ये झाशीकडे, विद्याभ्यास काशीस. मिशनऱ्यांचा पाडाव करावा या हेतूने ते वादात उतरले होते. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथास उत्तर म्हणून त्यांनी १८४४-४५ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. पुढे त्यांचेच मत फिरले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला.

असा शास्त्रवेत्ता पुरुष चांद्यासारख्या नगरात उभा राहून 'येशू हा देव आहे' असे सांगू लागला, तर ऐकणाऱ्यास त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ज्या भूमीत मार्कंड्यास वैनगंगेच्या काठी शिवालये आहेत, चांद्यात महाकालीची यात्रा भरते आणि रानातल्या पाड्यापाड्यावर गोंडांचे पेन पूजिले जातात, तेथे आणखी एका देवास जागा करून देणे कठीण नसते. अडचण नकाराची नव्हती, सहज होकाराची होती. कारण ख्रिस्ती धर्मातील या विधानाचा अर्थ 'हाही एक देव' असा होत नाही. तो अर्थ नक्की करण्यासाठी त्या धर्माच्या आचार्यांनी चारशेहून अधिक वर्षे वाद केला, एकमेकांस बहिष्कृत केले आणि हद्दपारीही भोगली. हा वाद कशासाठी होता हे पाहणे महानुभाव शास्त्राच्या अभ्यासकांस विशेष उपयोगी आहे. कारण त्यातील मुख्य प्रश्न त्यांच्या ओळखीचा आहे.

महानुभाव शास्त्रात पदार्थ चार : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही परस्परांहून भिन्न. देवता सामर्थ्यवान खऱ्या, त्यांच्यापासून फळेही मिळतात. परंतु ती फळे सरणारी. जीवास बंधातून सोडविणे हे देवतेच्या अधिकारात नाही, ते केवळ परमेश्वराचे. तेव्हा अमुक पुरुष देव होता असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न उठतो तो हा : चार पदार्थांपैकी कोणत्या पदार्थात त्याला बसवावयाचे? ग्रीक भाषेत वाद करणाऱ्या ख्रिस्ती आचार्यांपुढे हाच प्रश्न होता. फरक एवढाच, की त्यांच्याजवळ कप्पे चार नव्हते, दोनच होते. एक ईश्वर अनादि. बाकी जे जे आहे ते सर्व त्याने शून्यातून निर्माण केलेले. जीवही निर्मित, देवदूतही निर्मित, प्रपंचही निर्मित. मधला कप्पा नाही. म्हणून त्यांचा वाद इतका तीव्र झाला.

आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. हे सर्व वाद असन्निधानकाळातले आहेत. ज्या कोळ्यांनी गालीलच्या सरोवराकाठी येशूबरोबर भाकर-मासळी खाल्ली त्यांनी त्याच्या तत्त्वाची चिकित्सा मांडून ठेवली नाही. त्यांच्यानंतरच्यांच्या हाती केवळ स्मृती, आठवणींचे ग्रंथ आणि उपासना उरली. आणि ग्रंथांतील वचने परस्परांशी जुळविण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न पडू लागले.

पहिल्या पिढ्यांत दोन टोकांची मते निघाली. एका पक्षाचे म्हणणे असे, की ईश्वरास मांस-रक्ताचा देह कसा असेल? तो देह दिसत होता एवढेच. भूक, घाम, मृत्यू हा सारा आभास. या मतास आभासवाद म्हणता येईल. वेदान्तातील प्रातिभासिक सत्तेची कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना हे मत समजण्यास कष्ट पडू नयेत. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच अँटिओकचा बिशप इग्नेशियस याने त्याचा निषेध केला. येशूने भोगले ते खोटे असेल, तर त्याच्यासाठी मरावयास निघालेल्या भक्तांचे भोगणे कशासाठी, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. आणि तो स्वतः रोमकडे, श्वापदांपुढे मरण्यासाठीच नेला जात होता. दुसरे टोक सॅमोसाटाच्या पौलाचे. हाही अँटिओकचाच बिशप, तिसऱ्या शतकातला. येशू हा मूळचा मनुष्यच. ईश्वराचा शब्द, म्हणजे त्याचे ज्ञान, त्याच्या ठायी उतरले आणि तो श्रेष्ठ पदास चढला, असे तो शिकवी. २६८ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले. एक मत देह खोटा म्हणते, दुसरे देवत्व उसने म्हणते.

यानंतर अरियस आला. या माणसाविषयी ख्रिस्ती परंपरेत इतके कटू लिहिले गेले आहे, की त्याचा मूळ हेतू झाकला गेला. तो अलेक्झांड्रिया नगरातील एका देवळाचा वयोवृद्ध पुरोहित होता, राहणीने विरक्त. ईश्वराचे एकत्व अबाधित राहावे हीच त्याची तळमळ होती. अनादि दोन मानले तर ईश्वर दोन होतील, ही त्याची भीती. ती अप्रामाणिक नव्हे. म्हणून त्याने असे ठरविले, की पुत्र हा सर्व काळांच्या पूर्वी, ईश्वराच्या इच्छेने, परंतु शून्यातूनच निर्माण झाला. त्याच्याच द्वारा पुढे जग घडले. तो सर्व निर्मितांत पहिला, सर्वांत थोर, पूजनीय. तरीही तो नव्हता अशी अवस्था एकदा होती. सुमारे ३१८ मध्ये त्याचा बिशप अलेक्झांडर याच्याशी त्याचे उघड वैमनस्य आले. अरियस चतुर होता. आपले मत त्याने पद्यात बांधले, आणि खलाशी, दळणारे, वाटसरू यांच्यासाठीही गीते रचली, असे जुने इतिहासकार सांगतात. जात्यावरची ओवी कोणत्याही सभेपेक्षा दूर जाते हे मराठी वाचकास सांगावयास नको.

अरियसाच्या बाजूने ग्रंथवचने थोडीथोडकी नव्हती. पिता आपल्याहून थोर आहे असे येशू स्वतः म्हणतो. अंतिम दिवसाची घटिका आपणास ठाऊक नाही असेही म्हणतो. तो थकतो, रडतो, त्याला तहान लागते. परंतु ज्या एका वचनावर सर्वांत अधिक शाई खर्ची पडली ते जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातले. तेथे ज्ञान स्वतःविषयी बोलते आणि ईश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी आपणाविषयी काय केले ते सांगते. सर्व पक्ष ते ज्ञान म्हणजेच पुत्र असे मानीत. ज्या ग्रीक भाषांतरावर वाद चालला त्यात क्रियापद होते 'निर्माण केले' या अर्थाचे. मूळ हिब्रू धातूचा अर्थ मात्र 'मिळविणे, आपलेसे करून ठेवणे' असाही होतो. पुढे जेरोमने लॅटिनमध्ये 'बाळगणे' या अर्थाचे क्रियापद वापरले. म्हणजे एका धातूच्या अर्थावर सारा पक्ष उभा होता, आणि वाद करणाऱ्यांपैकी बहुतेकांस मूळ भाषा येत नव्हती. सूत्राच्या एका पदावरून ज्यांनी अर्थनिर्णय केले आहेत त्या परंपरांना या ठिकाणी थबकून विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

अलेक्झांडरच्या हाताखालचा तरुण सेवक अथनेशियस, जो ३२८ मध्ये त्याच्यामागून बिशप झाला, त्याने अरियसास दिलेले उत्तर वचनांच्या पलीकडे जाते, आणि या वादाचे मर्म तेथे आहे. तो विचारतो : तुम्ही पुत्राची पूजा करता की नाही? करता. मग तो निर्मित असेल तर तुम्ही निर्मिताची पूजा करता. मूर्तिपूजकांस नावे ठेवण्याचा तुम्हांस अधिकार कोणता? याहून खोल त्याचा दुसरा मुद्दा. मनुष्य स्वतः मर्त्य, नाशाकडे निघालेला. त्याला ईश्वराशी जोडावयाचे तर जोडणारा स्वतः ईश्वराच्या बाजूचा असला पाहिजे. जो स्वतःच निर्मित, ज्याचे असणे दुसऱ्याच्या इच्छेवर टेकलेले, तो इतर निर्मितांस कोठे नेणार? बुडणाऱ्याने बुडणाऱ्यास धरावे असे ते होईल.

येथे महानुभाव वाचकास आपल्या शास्त्रातील देवता आणि परमेश्वर यांचा भेद आठवल्याशिवाय राहणार नाही. अरियसाचा पुत्र हा कितीही उंच चढविला तरी शेवटी देवताकोटीतला. पहिला, थोर, तेजस्वी, जगाचा कर्ताही; पण मोक्षदाता नव्हे. अथनेशियसाचा आग्रह असा, की उद्धार करणारा असेल तर तो परमेश्वरच असला पाहिजे. दोन्ही शास्त्रांची रचना वेगळी, शब्द वेगळे. मात्र 'सोडविणारा कोण असू शकतो' या प्रश्नावरून 'तो कोण आहे' हे ठरविण्याची रीत एकच आहे.

३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने निकिया येथे सभा बोलाविली. सुमारे तीनशे बिशप जमले. पुत्र हा जन्मलेला आहे, घडविलेला नव्हे, आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय झाला. अरियस व त्याला न सोडणारे दोन बिशप हद्दपार झाले. 'एकतत्त्व' या अर्थाचा जो ग्रीक शब्द तेथे स्वीकारला, तो धर्मग्रंथांत कोठेही नाही; इतकेच नव्हे, सॅमोसाटाच्या पौलाचा निषेध करताना अँटिओकच्या सभेने तोच शब्द त्याज्य ठरविला होता. म्हणून अनेक सज्जन बिशपांनाही तो खटकला. त्यांनी त्यात एक लहानसे अक्षर घालून 'सदृशतत्त्व' असा शब्द सुचविला. वेलांटीएवढ्या फरकासाठी माणसे भांडली, अशी थट्टा पुढे युरोपात पुष्कळ झाली. पण 'तोच' आणि 'त्यासारखा' यांत वेलांटीचे अंतर आहे असे कोणता नैयायिक म्हणेल?

सभेने वाद मिटला नाही, उलट पेटला. राजसत्तेने धर्मनिर्णयात हात घातला की काय होते याचा हा धडा आहे. बादशहा बदलला की सत्यही बदले. अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो अरियसाच्या पक्षातील बिशपाच्या हातून. लोकांतही या चर्चेचे इतके वेड पसरले होते, की राजधानीत नाणी मोडून मागावीत तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यांवर प्रवचन देई, असे निसाचा ग्रेगरी उपहासाने नोंदवितो. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत निकियाचा निर्णय कायम झाला.

पुत्र परमेश्वर आहे हे ठरले, तशी दुसरी गाठ पुढे आली : मग त्याचे मनुष्यत्व कसे समजावयाचे? लाओदिकियाचा अपोलिनारिस हा अथनेशियसाचा स्नेही आणि निकियाचा कट्टर अभिमानी. त्याने सांगितले, की येशूच्या ठायी देह मनुष्याचा होता, परंतु मनुष्याच्या बुद्धियुक्त आत्म्याच्या जागी ईश्वराचा शब्द स्वतः होता. एका देहात दोन चालक कसे राहतील? वरवर पाहता हे उत्तर स्वच्छ आहे. तरी ३८१ च्या सभेने ते धिक्कारले. नाझिआन्झसच्या ग्रेगरीने दिलेले कारण असे, की मनुष्याचा जो अंश ईश्वराने स्वीकारला नाही तो अंश बरा झाला नाही; आणि पाप जर बुद्धीतच शिरले आहे, तर बुद्धीच वगळून कसे चालेल?

या स्थळी तुलना सावधपणे केली पाहिजे. महानुभाव शास्त्रात अवतारस्वीकाराचे गर्भीचा, पतिताचा आणि दवडण्याचा असे प्रकार सांगितले आहेत. पतित प्रकारात जीव देह टाकून गेलेला असतो आणि परमेश्वर त्या देहाचा स्वीकार करतो. भडोचच्या हरिपालदेवाच्या देहाची कथा प्रत्येक उपदेशी जाणतो. त्या देहात मग जीव नाही, परमेश्वरच आहे. ग्रीक आचार्यांपुढे ही कथा मांडली असती, तर त्यांनी ती अपोलिनारिसाच्या मताशेजारी नेऊन ठेवली असती, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु त्यांचा आक्षेप येथे लागू पडत नाही, याचे कारण उद्धाराची कल्पनाच भिन्न आहे. ख्रिस्ती मतात ईश्वराने मनुष्यस्वभाव अंगीकारला म्हणून तो स्वभाव बरा होतो. अंगीकार हेच औषध. म्हणून त्यात काही उणे राहिले तर रोगही राहिला. महानुभाव मतात जीव आणि परमेश्वर हे पदार्थच भिन्न. अवतार घेतला जातो तो जीवांना सन्निधान देण्यासाठी, ज्ञान आणि प्रेम देण्यासाठी. जीवाचा स्वभाव अवताराने अंगीकारावा लागत नाही. देहाचे धर्म मात्र दोन्हीकडे लपविलेले नाहीत. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे खाणे, खेळणे, रुसणे जसे लीळांत निःसंकोच आले आहे, तसे येशूचे नावेत झोपणे आणि मित्राच्या थडग्यापाशी रडणेही आले आहे.

पुढील शतकातील वादांकडे धावती नजर पुरे. ईश्वर आणि मनुष्य हे दोन स्वभाव येशूच्या ठायी इतके वेगळे धरले, की मरियेस ईश्वरमाता म्हणण्यास नेस्टोरियस कचरू लागला. ४३१ च्या एफेसस येथील सभेने त्याला दोषी ठरविले. त्याला मानणारी, निदान त्याला न धिक्कारणारी, पूर्वेकडील मंडळी इराणात वाढली. तिचा महाराष्ट्राशी संबंध आला. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉसमस हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर 'कल्लिआना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि बहुतेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे कोकणातील कल्याण असे मानतात. ४५१ मध्ये कॅल्सेडॉनच्या सभेने एकच पुरुष आणि दोन स्वभाव असा शेवटचा निर्णय दिला. ते स्वभाव मिसळत नाहीत, पालटत नाहीत, विभागत नाहीत, विलग होत नाहीत. चारही पदे नकाराची. काय आहे ते सांगण्याचे धाडस त्या सभेने केले नाही. काय नाही तेवढे सांगितले. हा त्या सभेचा शहाणपणा होता असेच म्हणावे लागते.

हा सर्व वाद केवळ जुन्या पोथ्यांतला राहिला असे नाही. पंधराशे वर्षांनी तो एका महाराष्ट्रीय विदुषीच्या आयुष्यात पुन्हा उभा राहिला. आणि गोरे पुन्हा येथे भेटतात. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या तेव्हा त्यांची गोऱ्यांशी ओळख झाली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या लेखनाने आपल्या बुद्धीची खात्री पटविली असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. परंतु बाप्तिस्म्यानंतर त्यांनी ग्रंथ स्वतः वाचले, आणि त्यांची बुद्धी अडली ती अरियस अडला होता तेथेच. ईश्वर एक आहे. मग येशू हा परात्पर ईश्वर कसा? त्रैक्य त्यांना पटेना. अथनेशियसाच्या नावावर चालणारा विश्वासांगीकार त्यांनी मान्य करण्याचे नाकारले. वस्तुतः तो अथनेशियसाने रचलेलाच नाही; तो लॅटिनमधला आणि बऱ्याच नंतरचा आहे. तो न मानणाऱ्याचा नाश होईल असे त्यात बजावलेले असून, इंग्लंडच्या मंडळीत ठरलेल्या सणांना तो म्हटला जाई.

भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी १८८५ मध्ये रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला. तो वाचताना त्यांची परिस्थिती विसरता कामा नये. आई, वडील, भाऊ, पती सारे गेलेले, परमुलूख, ज्यांच्या आश्रयास राहावयाचे त्यांच्याशीच मतभेद, आणि लहान मुलगी त्यांच्याच सांभाळात. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावे हाही वादाचा विषय झाला. मान तुकवून 'मानते' एवढे म्हटले असते तर सर्व सुखाचे होते. जेराल्डीन यांना आज्ञापालन हवे होते. बील यांना शंकेची किंमत ठाऊक होती, आणि त्यांनी धीर धरला. रमाबाईंची भूमिका अशी, की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे आपण मानेवर घेणार नाही. बुद्धीस पटेल तेच तोंडाने म्हणू. भेट दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. गोऱ्यांनी येशूच्या देवत्वाची प्रमाणे मांडणारा पत्ररूप निबंध १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. गोरे स्वतः आयुष्यभर शंकांनी व्याकूळ राहिलेले पुरुष होते. शंका असणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले. येशू हाच उद्धारक, ही त्यांची खात्री पुढे काही वर्षांनी झाली. ती वादाने झाली नाही. त्या स्वतः तिचे वर्णन आलेल्या अनुभवाचे म्हणून करतात. उद्धार कोण करू शकतो या अथनेशियसाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सभेच्या ठरावाच्या वाटेने मिळाले नाही.

मात्र ग्रंथाचा अर्थ स्वतः पाहण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. केडगाव येथे मुक्तिसदनात बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ भाषांवरून हाती घेतले. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. शब्दाबरोबर त्या शब्दाच्या दर्शनाचा अर्थही आत येतो हे अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येस इतरांपेक्षा अधिक कळत होते. 'एकतत्त्व' म्हटले की अद्वैत डोकावते, 'अवतार' म्हटले की दशावतार. नीतिसूत्रांचा तो आठवा अध्यायही त्यांच्यापुढे आला, आणि या वेळी भाषांतर करणाऱ्या व्यक्तीपुढे हिब्रू धातू स्वतः होता. ग्रीक वा लॅटिन मध्यस्थ नव्हता. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम सदनातील स्त्रियांनी केले. अखेरची तपासणी हातावेगळी होताच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.